जिंकलं कोण? तेवढं विचारू नका!

एक नॅशनल टुर्नामेंट. देशाच्या कानाकोपऱ्यातून वीसएक टीम्स येतात. आठवडाभर मॅचेस चालतात, टीव्हीवर लाइव्ह दिसतात. मैदानाच्या कडेला आई-बाबा, मास्तर आणि शाळेचे माजी विद्यार्थी घसा बसेपर्यंत ओरडतात. शेवटच्या दिवशीची शेवटची शिट्टी वाजते. मग ट्रॉफी कुणाची? परंपरा अशी की, कुणाचीच नाही. या टुर्नामेंटला सेमीफायनल नाही, फायनल नाही आणि अधिकृत चॅम्पियनही नाही.

आता बोला! शिशुवर्गातल्या फॅन्सी ड्रेसपासून ऑफिसातल्या अप्रेझलपर्यंत ज्यांचं सगळं आयुष्य नंबरावर मोजलं गेलं, त्या तुम्हाआम्हाला हे पचायचं कसं? 'कोण जिंकलं?' हा प्रश्नच जिथे बाद, ती मॅच लोक बघतात तरी कशाला?

पण बघतात. अगदी जीव टाकून बघतात. टुर्नामेंटचं नाव 'क्रेव्हन वीक', देश दक्षिण आफ्रिका, खेळ रग्बी युनियन आणि खेळणारी पोरं अठरा वर्षांखालची, अजून शाळेत जाणारी. आपल्याकडे छत्र्या-रेनकोट बाहेर निघतात तेव्हा, म्हणजे जून-जुलैत, तिकडे हिवाळ्याची सुट्टी असते. त्या सुट्टीतला हा एक आठवडा तिथल्या रग्बीवेड्या घरांमध्ये सणासारखा असतो. आणि काही घरांमध्ये बोर्डाच्या परीक्षेसारखा.

आधी थोडं रग्बीबद्दल. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचं रग्बीचं ज्ञान 'इन्व्हिक्टस' सिनेमापाशी थांबलेलं असतं. हेल्मेट आणि खांद्यावर जाडजूड पॅड चढवून खेळतात ते अमेरिकन फुटबॉल, ते वेगळं. रग्बीत असलं चिलखत नसतं. पंधरा विरुद्ध पंधरा, मध्ये अंड्यासारखा बॉल. तो हातात घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की 'ट्राय', पाच पॉइंट्स. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी दोन. पेनल्टीची किक गेली तर तीन. समोरचा गडी तुम्हाला मिठी मारून आडवा करणार, हे गृहीतच. कबड्डीतली पकड आठवा, फक्त इथे पकडणारा पूर्ण वेगात धावत आलेला असतो. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे हाताने पास द्यायचा तर तो मागेच द्यायचा. पुढे सरकायचं असेल तर आधी मागच्याला बॉल दे! ऑफिसातल्या किती बॉसेसना हा नियम पाठ करायला लावावासा वाटतो, ते सोडा.

पोरांसाठी नियम जरा सौम्य केलेत. मोठ्यांची मॅच ८० मिनिटांची, १९ वर्षांखालच्यांची ७०. 'स्क्रम'मध्ये दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी डोक्यात डोकं अडकवून एकमेकांना रेटतात. तिथे मुलांच्या मॅचमध्ये दीड मीटरच्या पुढे रेटायला बंदी आहे. मान ही फार नाजूक गोष्ट, म्हणून. २००९ पासून तर तिथे 'बोकस्मार्ट' नावाचा कार्यक्रमच चालतो. रग्बीतली डोक्याची आणि मणक्याची दुखापत कशी टाळायची, हे त्यात कोच आणि रेफ्रींना शिकवतात.

क्रेव्हन कोण?

डॅनी क्रेव्हन हा माणूस एका कॉलमात मावणारा नाही. जन्म १९१०चा. १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेकडून १६ टेस्ट खेळला. बॉल हातात आला की अंग हवेत झोकून देऊन पास द्यायचा. त्या 'डाइव्ह पास'ला त्यानेच लोकप्रिय केलं. वर तीन डॉक्टरेट. सगळा देश त्याला 'डॉक' म्हणायचा. १९५६ साली तो देशाच्या रग्बी बोर्डाचा अध्यक्ष झाला आणि १९९३ साली मरेपर्यंत रग्बीच्या खुर्चीवरून उठला नाही. (आपल्याकडच्या क्रीडा संघटना आठवल्या? आठवू द्या.)

बोर्डाची स्थापना १८८९ची. १९६४ साली ७५ वर्षं होणार होती. पीट मलान नावाच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूने सुचवलं, या सोहळ्यात शाळकरी पोरांनाही घेऊ या. क्रेव्हनसाहेबांना आयडिया आवडली. ईस्ट लंडन या किनाऱ्यावरच्या शहरात १५ टीम्स जमल्या आणि पहिला क्रेव्हन वीक झाला. एका वर्षापुरता ठरवलेला कार्यक्रम इतका जमला की तो दर वर्षीचा होऊन बसला.

चॅम्पियन नसण्याचा फंडा असा. ही मुलं शाळेत जाणारी आहेत. त्यांनी इथे यावं, आपल्यासारख्याच वेड्यांना भेटावं, मनसोक्त खेळावं आणि घरी जावं. कप ठेवला की मास्तर लोक कपासाठी खेळवणार, पोरं कपासाठी खेळणार आणि खेळातली मजा संपणार. म्हणून नॉकआऊट नाही, कपाची भानगड नाही. आज कोण कसं खेळलं ते बघून उद्या कुणाची गाठ कुणाशी घालायची, ते आयोजक ठरवणार.

कागदावर किती सुंदर, नाही?

नसलेली फायनल

पण माणसाचं मन कुठे कागदावर चालतं? शेवटच्या दिवशी मुख्य मैदानावर शेवटची मॅच कुणाला दिली, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. जाहीर कुणी करत नाही, पण आठवड्यातल्या सगळ्यात तगड्या दोन टीम्स तिथे येणार हे शेंबडं पोरही सांगतं. पेपरवाले तिला बिनदिक्कत 'अनधिकृत फायनल' म्हणतात आणि जिंकणाऱ्यांना 'अनधिकृत चॅम्पियन'. म्हणजे दारातून हाकललेला कप खिडकीतून आत!

आणि कप ही त्यातली लहान गोष्ट. आठवडा संपला की देशाच्या शालेय टीमची निवड जाहीर होते. मैदानाच्या कडेला नुसते पालक नसतात. मोठमोठ्या प्रोव्हिन्सचे स्काउट असतात, एजंट असतात. कुणाला ॲकॅडमीचं बोलावणं येतं, कुणाला युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळते, कुणाच्या हातात थेट काँट्रॅक्ट पडतं. काही पोरांवर तर त्याआधीच कुणाची तरी मोहोर उमटलेली असते. ज्या देशात बेरोजगार तरुणांच्या फौजा आहेत, तिथे अठराव्या वर्षी हातात आलेला पगाराचा कागद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आपल्या कॉलेजातला प्लेसमेंटचा 'डे वन' आठवा. इस्त्रीचा शर्ट, घामेजलेले तळवे आणि नोटीस बोर्डाकडे लागलेले डोळे. तोच प्रकार. फक्त इथे इंटरव्ह्यू चिखलात होतो आणि इंटरव्ह्यू घेणारा नव्वद किलोचा असतो.

म्हणून मग या आठवड्याआधी अनेक वर्षं तयारी चालते. नामांकित शाळा दुसऱ्या शाळांतली चमकदार पोरं फीमाफी देऊन उचलतात. जिममध्ये तासन्‌तास घालवले जातात. आणि काही जण शॉर्टकट मारतात. क्रेव्हन वीकमध्ये डोप टेस्ट होते आणि त्यात शाळकरी पोरं स्टेरॉइड घेऊन पकडली गेली आहेत, एकदा नव्हे, वेगवेगळ्या वर्षी. सतरा-अठरा वर्षांचं पोर! त्याला ती इंजेक्शनं कुणी दिली, पैसे कुणाचे होते, घरात कुणाला माहीत होतं, हे प्रश्न स्कोअरबोर्डावर दिसत नाहीत. बंदी मात्र पोरावरच येते.

एवढा सगळा आटापिटा ज्याच्यासाठी, त्या निवडीचा भरवसा किती? याचं उत्तर तिथल्याच अभ्यासकांनी काढून ठेवलंय, आणि ते वाचून डोक्याला शॉट बसतो. क्रेव्हन वीकची एक धाकटी आवृत्तीही आहे, १३ वर्षांखालच्यांसाठी. २००५ साली त्यात खेळलेल्या साडेतीनशेच्या आसपास मुलांचा या मंडळींनी पुढे माग काढला. तीन वर्षांनी १६ वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत, ग्रँट खोमो वीकमध्ये, त्यांच्यातली तिसराएक हिस्सा मुलं दिसली. २०१०च्या मोठ्या क्रेव्हन वीकपर्यंत पोचली ती साधारण चारातलं एक. म्हणजे तेराव्या वर्षी ज्यांना 'देशातले बेस्ट' म्हणून निवडलं, त्यांच्यातले तीन चतुर्थांश अठराव्या वर्षी त्या यादीत नव्हते. याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. अठराव्या वर्षीच्या यादीत जी पोरं होती, त्यांच्यातल्या अनेकांना तेराव्या वर्षी कुणी विचारलंही नव्हतं.

यात गूढ काही नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी ज्याला आधी मिसरूड फुटतं, जो आधी उंच होतो, तो बाकीच्यांना ढकलून पुढे जातो. मास्तरांना वाटतं, काय टॅलेंट आहे! चार वर्षांत बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि टॅलेंट नेमकं कुणाकडे होतं ते मग कळतं. तोवर मागे पडलेल्या किती पोरांनी बूट कपाटात टाकलेले असतात, याचा हिशेब कोण ठेवणार?

आठवड्याच्या बाहेरचे

आता थोडं मागे जाऊ या, १९६४ सालात. ज्या वर्षी पहिला क्रेव्हन वीक झाला, त्याच वर्षी नेल्सन मंडेलांना जन्मठेप झाली. ईस्ट लंडनच्या मैदानावर जमलेल्या १५ टीम्समधलं एकूण एक पोर गोरं होतं. मनसोक्त खेळा, निकालाची चिंता नको, हे सगळं छान तत्त्वज्ञान गोऱ्या पोरांपुरतं होतं. ईस्ट लंडन ज्या भागात आहे त्या ईस्टर्न केपमध्ये काळी पोरंही पिढ्यान्‌पिढ्या रग्बी खेळत होती. त्यांचे क्लब होते, लीग होत्या, बोचकं बांधून गावोगाव जाणाऱ्या टीम्स होत्या. क्रेव्हन वीकचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते १९८० साली, सोळा वर्षांनी. एरल टोबायस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दक्षिण आफ्रिकेकडून टेस्ट खेळला १९८१ साली.

डॉक क्रेव्हन या गोष्टीत हीरो की व्हिलन? दोन्ही शब्द तोकडे पडतात. वर्णभेदाच्या बहुतेक काळात रग्बीच्या खुर्चीवर तोच बसला होता. आणि १९८८ साली सरकारचे डोळे लाल झालेले असताना, हरारेला जाऊन बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांशी एकत्रित रग्बीबद्दल बोलणी करणाराही तोच. १९९२ साली काळ्यांची आणि गोऱ्यांची रग्बी संघटना एक झाली. पुढच्याच वर्षी डॉक गेला. १९८७ आणि १९९१ या पहिल्या दोन वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेला प्रवेशच नव्हता. १९९५ला घरच्या मैदानावर पहिल्यांदा खेळले आणि जिंकले. मंडेला कप्तानाची सहा नंबरची जर्सी घालून मैदानात आले. हाच तो 'इन्व्हिक्टस'.

सिनेमा तिथे संपतो. गोष्ट संपत नाही. कायदा बदलला म्हणून मैदानं बदलत नाहीत. उत्तम हिरवळ, उत्तम कोच, उत्तम जेवण हे सगळं पूर्वी ज्या शाळांमध्ये होतं, त्याच शाळांमध्ये राहिलं. ब्लूमफोंटेनचं ग्रे कॉलेज, स्टेलनबॉशचं पॉल रूस, पार्ल गावातल्या दोन कट्टर शाळा. ही नावं तिथल्या रग्बीत आपल्याकडच्या आयआयटीसारखी घेतली जातात. क्रेव्हन वीकच्या टीममध्ये कृष्णवर्णीय मुलांची किमान संख्या असावी असे नियम आले. त्यावरून वादही आले, 'कोटावाला' हा टोमणाही आला. हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. त्यातली गंमत अशी की कोट्यातून आलेली बरीच कृष्णवर्णीय मुलंही त्याच चार-सहा श्रीमंत शाळांतून येत राहिली. म्हणजे निवड आठवड्याच्या मैदानावर होते असं वाटतं, पण खरी चाळणी शाळेच्या गेटवरच लागलेली असते.

ही चाळणी काय चीज आहे ते दोन पोरांच्या गोष्टीवरून कळतं. दोघंही याच ईस्टर्न केपचे. दोघांच्या वयात एका वर्षाचंही अंतर नाही. दोघंही गरीब घरातले.

पहिला सिया कोलिसी. जन्म जून १९९१, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे वस्तीतला. (त्या शहराचं नाव २०२१ पासून गेबेर्हा आहे.) आई-वडील जेमतेम शाळेच्या वयाचे, त्यामुळे वाढवलं आजीने. पहिल्या ट्रायलला रग्बीची चड्डी नव्हती म्हणून हा पठ्ठ्या बॉक्सर शॉर्ट्स घालून उतरला. बाराव्या वर्षी एका ज्युनियर स्पर्धेत तो एका मोठ्या शाळेच्या नजरेत भरला. ग्रे ज्युनियर आणि मग ग्रे हायस्कूल, पूर्ण स्कॉलरशिपवर. इंग्रजी येत नव्हतं, ते तिथे शिकला. मग सगळं रांगेत लागलं. २००७ साली १६ वर्षांखालचा आठवडा, २००८ आणि २००९ साली क्रेव्हन वीक, २०१३ साली टेस्ट. जून २०१८मध्ये तो दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कप्तान झाला.

दुसरा माकाझोले मापिंपी. जन्म जुलै १९९०. गाव त्सोलोम्न्का, ईस्ट लंडनजवळचं खेडं. म्हणजे क्रेव्हन वीक जिथे जन्मला त्या शहराच्या अगदी पदराखालचं पोर. पण त्याची खेड्यातली शाळा कुठल्याही स्काउटच्या नकाशावर नव्हती. त्याला कुणी बघितलंच नाही. क्रेव्हन वीक तो कधीही खेळला नाही. आई गेली, बहीण गेली, भाऊ गेला. हा क्लबातून खेळत राहिला, मग बॉर्डर या छोट्या प्रोव्हिन्सकडून. पहिल्यांदा सुपर रग्बी खेळला २०१७ साली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. रग्बीत या वयाला 'नवा चेहरा' कुणी म्हणत नाही. आणि जून २०१८मध्ये, कोलिसी कप्तान झाला त्याच महिन्यात, मापिंपीला टेस्टची जर्सी मिळाली.

२ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, वर्ल्ड कप फायनल, समोर इंग्लंड. कप्तान कोलिसी, पाठीवर तोच सहा नंबर. दक्षिण आफ्रिकेने याआधी दोन फायनल जिंकल्या होत्या, १९९५ आणि २००७. दोन्ही नुसत्या किकवर. फायनलमध्ये ट्राय म्हणून त्यांच्या नावावर एकही नव्हता. तो पहिला ट्राय टाकला मापिंपीने. ३२-१२ असा निकाल लागला.

त्या वर्ल्ड कपला दक्षिण आफ्रिकेच्या जर्सीवरच्या नंबरात प्रत्येक खेळाडूच्या जवळच्या माणसांचे छोटे छोटे फोटो छापले होते. मापिंपीने फोटो दिले ते स्वतःचेच. कोच रासी इरास्मसने कारण विचारलं तेव्हा कळलं की घरी कुणी उरलंच नव्हतं. 'चेसिंग द सन' या २०२०च्या माहितीपटात इरास्मसने हे सांगितलंय. ते सांगताना त्या दांडगट माणसाचा आवाज बसतो.

तर मंडळी, क्रेव्हन वीकचा यात हिशेब काय मांडायचा? कोलिसीला त्याने उचललं, हे खरं. तो आठवडा नसता तर झ्वीडेचं ते पोर कुठे असतं कुणास ठाऊक. पण मापिंपीला त्याने पाहिलंही नाही, हेही तितकंच खरं. आणि मापिंपी सापडला तो नशिबाने, हट्टाने आणि कुठल्या तरी छोट्या क्लबच्या कोचमुळे. असे न सापडलेले किती?

आपल्याकडचं काय?

रग्बी आपल्याला इतकी परकी नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात, तो कलकत्त्याच्या क्लबाने १८७८ साली चांदीचे रुपये वितळवून बनवला होता. मुंबईत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्यावर चिखलात लोळणारे वीर तुम्ही फोर्टातून जाता-येता पाहिले असतील. अभिनेता राहुल बोस भारताकडून रग्बी खेळलाय. आणि २००७ साली भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी शाळेतली आदिवासी पोरं लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आली. फायनलमध्ये हरवलं कुणाला? दक्षिण आफ्रिकेच्या टीमला! त्यावर 'जंगल क्राय' नावाचा सिनेमा निघाला. ती पोरं त्याआधी जेमतेम काही महिने रग्बी शिकली होती. बॉल कुणी हातात दिला तर खेळणारे हात कुठेही असतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मॅच संपल्यावरही गोष्ट चालू राहते, याचा आपल्या घरातला पुरावा हवाय? १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने हॅरिस शील्डमध्ये ६६४ रन्सची पार्टनरशिप केली. ती आपल्याला पाठ आहे. त्या वेळी पॅड बांधून पुढच्या नंबरावर बसून राहिलेला मुलगा होता अमोल मुजुमदार. रणजीत रन्सचे डोंगर रचले, पण भारताची कॅप त्याला कधीच मिळाली नाही. २०२५ साली नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा कोच तोच होता. समोरची टीम दक्षिण आफ्रिकेची आणि तारीख पुन्हा २ नोव्हेंबर.

म्हणून मला तो १९६४चा, निकाल न लावण्याचा नियम आवडतो. तो पाळणाऱ्यांनीच त्याला भोकं पाडली, आणि तो बनवताना निम्म्याहून जास्त देश दाराबाहेर उभा होता, हे धरूनसुद्धा आवडतो. अठरा वर्षांच्या पोराबद्दल शेवटचा शब्द बोलायचा अधिकार कुणाला नाही, हे त्यात कुठे तरी कबूल केलेलं आहे. आपण मात्र ते कबूल करायला तयार नसतो. बारावीचे मार्क, सीईटीचा रँक, पहिल्या नोकरीचं पॅकेज. तिशी आली तरी लोक गप्पांत कॉलेजचं नाव असं सांगतात जणू ते आडनावच आहे. आणि ज्यांना ते नाव लागलं नाही, ते तिशीतही अजून त्या नोटीस बोर्डासमोरच उभे असतात.

तुमच्यातले बरेच जण आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आले असतील. कॅम्पसला पोरं निवडायला तुम्हीच जाता, रिझ्युमे तुम्हीच चाळता. त्या गठ्ठ्यात वरच्यावर दिसणाऱ्या चार-सहा कॉलेजांच्या खाली एखादा मापिंपी असतो. त्याचं कॉलेज तुम्ही ऐकलेलं नसतं, वय दोन वर्षांनी जास्त असतं, मध्ये एक गॅपही असते. तेवढा एक कागद बाजूला टाकण्याआधी अर्धा मिनिट जास्त बघा. एवढंच.

बाकी पुढच्या जुलैत क्रेव्हन वीक होईल, अनधिकृत फायनल होईल, अनधिकृत चॅम्पियन नाचतील. कुणी विचारलंच, 'काय रे, जिंकलं कोण?' तर सांगा, 'दहा वर्षांनी फोन कर, मग सांगतो.'